चोवीस पानांचं स्क्रॅपबुक: स्कॅनरपासून बांधणीपर्यंत

डिजिटल स्क्रॅपबुक करायचं ठरलं की पहिला मोह सजावटीचा होतो. कागदाचे पोत, फुलं, चौकटी, रंगीत चिकटपट्ट्या असं ढीगभर डाउनलोड करायचं आणि मग त्यात घालायला फोटो शोधत बसायचं. आम्ही हे काम बरोबर उलट्या क्रमाने करतो. आधी फोटो गोळा करायचे, मग स्कॅन, मग तारखा आणि नावं, मग निवड. पानं मांडायची ती सगळ्यात शेवटी. चौकट चुकली म्हणून पान सहसा फसत नाही. फोटो त्या आकाराला पुरत नाही, किंवा त्यात कोण आहे हेच कोणाला सांगता येत नाही, म्हणून फसतं. आणि या दोन्ही गोष्टी पान मांडायला बसल्यावर दुरुस्त होत नाहीत.

पुढचं सगळं आठ बाय आठ इंचांच्या, चोवीस पानांच्या पुस्तकाला धरून आहे. एका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या त्यात नीट मावतात. बारा बाय बाराचा आकार स्क्रॅपबुकात जुना आणि लोकप्रिय, पण त्याला फोटोही तेवढे मोठे लागतात आणि जुन्या खजिन्यात तसे थोडेच असतात.

सुरुवात जुन्या अल्बमपासून. पारदर्शक प्लास्टिकखाली चिकट पानं असलेले अल्बम असतील तर एकही फोटो सुटा करण्याआधी अख्खं पान जसं आहे तसं स्कॅन करायचं किंवा त्याचा फोटो काढून ठेवायचा. कोणत्या फोटोशेजारी कोणता लावला होता, हीसुद्धा माहितीच आहे. तारीख शोधताना तिचा हमखास उपयोग होतो. मग बिनमेणाचा, बिनवासाचा दातांचा दोरा (डेंटल फ्लॉस) घ्यायचा. फोटोच्या एका कोपऱ्याखालून तो सरकवायचा आणि करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत पलीकडे न्यायचा. बोटांनी कोपरा उचलून ओढलं की फोटो वाकतो आणि त्याचा वरचा थर तडकतो. दोराही अडला तर सोडून द्यायचं आणि प्लास्टिक बाजूला करून पानासकटच स्कॅन करायचं.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र काचेपासून सोडवायचाच नाही. ओलाव्याने फुगलेलं जिलेटिन काचेला धरून बसलेलं असतं. ओढलं की चेहरा काचेवर आणि कागद हातात. असा फोटो काचेसकट कॅमेऱ्यानेच टिपायचा. खोलीत अंधार करायचा, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर एकसारखे दिवे ठेवायचे, आणि कॅमेऱ्यापुढे मधोमध भोक पाडलेलं काळं कापड धरायचं. काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब पडतं, ते या कापडाने जातं. फोनने टिपत असाल तर जवळ जाऊ नका. मीटरभर मागे उभं राहून दुप्पट झूमची लेन्स वापरा, नाहीतर चौकटीच्या सरळ कडा बाहेरच्या बाजूला फुगलेल्या येतात.

स्कॅनिंगचा हिशेब एका ओळीचा आहे: फोटो जितक्या पट मोठा छापायचा, तितक्या पट ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके टिपायचे तो आकडा). आहे त्याच आकारात छापायचा तर ३००, दुप्पट करायचा तर ६००. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि न आकसवलेल्या टिफ फाइलमध्ये सुमारे २६ एमबी जागा घेतो. आम्ही सगळे प्रिंट सरसकट ६०० वर घेतो. त्यापुढे १२०० केलं तरी बहुतेक रंगीत प्रिंटमध्ये नवा तपशील सापडत नाही, कागदाचा पोत आणि धूळ तेवढी मोठी दिसते. पासपोर्टएवढा फोटो पानभर करायची इच्छा असेल तर त्याची निगेटिव्ह शोधणं हाच खरा उपाय. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. २४०० डीपीआयवर तिची आखूड बाजू जवळजवळ २२७० पिक्सेल येते आणि आठ इंचांच्या चौरस पानाला ती बऱ्यापैकी पुरते. कडेवरची अक्षरं आणि आकडे सुलट वाचता येत असतील तर पट्टी सुलट धरली आहे. फिल्म थेट काचेवर टेकवली तर इंद्रधनुषी कडी उमटतात, म्हणून ती होल्डरमध्येच हवी.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप रंगदुरुस्ती, शार्पनिंग आणि धूळ काढणं बंद ठेवायचं. इन्फ्रारेडने धूळ ओळखणारी सोय कृष्णधवल फिल्मवर तर चालतच नाही. चित्र ज्या चांदीचं बनलेलं असतं तिलाच ती धूळ समजते. कृष्णधवल प्रिंटसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करायचे. एक तर जुना तपकिरी रंग टिकतो, आणि दुसरा फायदा डागांच्या वेळी कळतो. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, लाल शोषत नाही. त्यामुळे अशा फोटोचे तीन चॅनल, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची तीन चित्रं, वेगळे करून पाहिले की निळ्यात डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसाच होतो. तो लाल चॅनल उचलून कृष्णधवल चित्र म्हणून वापरायचा. तासभर क्लोन ब्रश फिरवण्याचं काम मिनिटभरात होतं.

फोटोच्या पाठीवर लिहिलेलं किंवा काही छापलेलं असेल आणि ते पुढून दिसत असेल तर झाकणाच्या पांढऱ्या पट्टीऐवजी मागे काळा कागद ठेवायचा. आणि पाठ स्वतंत्र स्कॅन करायची. शिक्का, स्टुडिओचं नाव, पेन्सिलीतला आकडा, काहीही असू दे. त्यासाठी २०० डीपीआयही पुरतात.

सत्तरच्या दशकातल्या कित्येक रंगीत प्रिंटवर बारीक जाळीदार उठाव असतो. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून तो कागद आवडीने वापरला जायचा. स्कॅनरवर मात्र तो छळतो. दिवा एका बाजूने येतो, प्रत्येक उंचवटा एका अंगाने चमकतो आणि चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी पसरते. ब्लर करून ती घालवायला गेलं तर डोळेही पुसट होतात. त्यापेक्षा एकच प्रिंट चारदा स्कॅन करायचा, दर वेळी काचेवर पाव फेरा फिरवून. चारही चित्रं सुलट करून एकाच फाइलमध्ये एकावर एक थर म्हणून ठेवायची. सर्वांत खालच्या थराची अपारदर्शकता १०० टक्के, त्यावर ५०, मग ३३, आणि वरच्याची २५. या आकड्यांनी चारही थरांचा सारखा वाटा पडतो. चमक दर वेळी उंचवट्याच्या वेगळ्या अंगाला पडलेली असते, ती सरासरीत विरते. चेहरा मात्र चौघांत तोच असतो, तो जागचा हलत नाही. थर तंतोतंत जुळवण्यासाठी वरच्या थराचा मोड ‘डिफरन्स’ करायचा आणि चित्र जास्तीत जास्त काळं दिसेपर्यंत सरकवायचं, मग मोड पूर्ववत. कंटाळा आला तर दोनच स्कॅन, एकमेकांच्या उलट दिशेने घेतलेले, खालचा १०० आणि वरचा ५० टक्के. यानेही बराच फरक पडतो.

त्या काळातले रंगीत फोटो लालसर पडलेले असतात, कारण अंधारात ठेवलेल्या तेव्हाच्या अनेक कागदांमधला निळसर सायन रंग सर्वांत आधी उडाला. सायनचं काम लाल प्रकाश अडवण्याचं. तो गेला की लाल चॅनल उजळून एका बाजूला गोळा होतो. लेव्हल्स (उजेड-अंधाराचा आलेख दाखवणारी खिडकी) उघडून तीनही चॅनल एकत्र न हलवता एकेक घ्यायचा. लाल चॅनलमधला डावीकडचा काळा त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो तिथवर उजवीकडे आणायचा, मग हिरवा, मग निळा. उरलेला झाक मधल्या त्रिकोणाने. पांढरा शर्ट पांढराशुभ्र व्हायलाच हवा असा हट्ट धरू नये. त्वचा ओळखीची दिसली की थांबावं.

फोनमधल्या फोटोंची अडचण वेगळी. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो. साधारण पाठवणीत लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते आणि काढल्याची तारीखही गळून पडते. १६०० पिक्सेल म्हणजे ३०० च्या हिशेबाने जेमतेम सव्वापाच इंच. तोच फोटो चौरस पानभर लावायचा तर त्याची आखूड बाजू, म्हणजे १२०० पिक्सेल, सव्वाआठ इंचांवर ताणावी लागते आणि इंचाला १४५ पिक्सेल उरतात. छापल्यावर केसांच्या जागी लगदा दिसतो. म्हणून नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगायचं, किंवा सामाईक फोल्डर उघडून द्यायचा. मूळ फोटो मिळालाच नाही तर तो पानावर पाच इंचांपेक्षा मोठा करायचा नाही, एवढा नियम पाळला तरी पुरतं. एआयने मोठे केलेले चेहरे आम्ही टाळतो. ते स्पष्ट दिसतात, पण माणूस थोडा दुसराच होतो, आणि घरातल्यांच्या ते चटकन लक्षात येतं.

आता तारखा. स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅनचीच तारीख बसते, त्यामुळे १९८४ चा फोटो यंदाच्या ढिगात जाऊन पडतो. एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी वापरतो. शेकडो फाइलींची ‘घेतल्याची तारीख’ त्याने एकदम बदलता येते. तिथे अर्धवट तारीख नीट बसत नाही. म्हणून फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी घालायची आणि वर्णनाच्या रकान्यात ‘अंदाजे’ लिहायचं. फाइलच्या नावात मात्र वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवून माहीत नसलेल्या जागी शून्यं: १९८४-००-००. यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. फाइलचं नाव रोमन लिपीतच ठेवलेलं बरं, छपाईकडच्या काही जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी नाव उघडत नाही. डिजिटल कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर ज्यात भिंतीवरचं घड्याळ किंवा दिनदर्शिका दिसते असा एक फोटो शोधायचा, फरक काढायचा आणि सगळी मालिका तेवढ्याच तासांनी पुढेमागे सरकवायची. तेही एक्झिफटूल एका आज्ञेत करतं.

माणसांची नावं सॉफ्टवेअरला माहीत नसतात, ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच घ्यावी लागतात. प्रत्येक फोटो एकेक करून पुढे धरला तर पंधराव्या फोटोला समोरचा माणूस दमतो. दहा-बारा फोटो टेबलावर पसरायचे, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि ‘यातलं कुठलं आधीचं?’ असं विचारायचं. क्रम लावता लावता नावं, घरं, भांडणं सगळं बाहेर येतं. फोटोतल्या माणसांचे डावीकडून उजवीकडे आकडे त्याच वेळी लिहून घ्यायचे. बोलतानाची वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर पानावरचा मजकूर आयता मिळतो. ‘काका, वय १२’ यापेक्षा ‘हा शर्ट माझा होता, याने न विचारता घातला’ ही ओळ पानाला जास्त शोभते.

निवड कठोर करावी लागते. चोवीस पानं म्हणजे शीर्षकाचं पान आणि शेवटचं पान सोडून समोरासमोरच्या अकरा जोड्या. एका जोडीत एक मोठा फोटो आणि त्याला साथ देणारे तीन ते पाच, असं धरलं तर साठेक फोटो झाले. शंभरावर घेतले की पुस्तक कॉन्टॅक्ट शीटसारखं (अख्ख्या रोलचे चिमुकले फोटो एकाच कागदावर) दिसायला लागतं. एकाच प्रसंगाचे सात फोटो असतील तर सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत तो बहुधा सर्वांत निर्जीव असतो. कोणीतरी हसून वाकलं आहे, कोणी चौकटीबाहेर निघालं आहे, तो घ्यावा.

पानांना विषय हवा. नुसता कालक्रम पाचव्या पानाला थकवतो. काही कल्पना आमच्याकडे वारंवार चालतात. ‘फक्त हात’ हे एक पान: वेगवेगळ्या फोटोंतून हातच कापून घ्यायचे. विणणारे, लिहिणारे, बाळाला धरलेले. इथे मोठ्या स्कॅनचा फायदा दिसतो. एका दिवसाचं पान: सकाळपासून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी एक फोटो, मग ते वेगवेगळ्या वर्षांतले का असेनात. एकाच वस्तूचं पान: सायकल, खुर्ची, शिवणयंत्र, वस्तू तीच, मागची माणसं बदलत जातात. आणि फोटो काढणाऱ्याचं पान. प्रत्येक घरात एक माणूस कॅमेऱ्यामागे असल्यामुळे कुठल्याच फोटोत नसतो. त्याची सावली, आरशातलं प्रतिबिंब, कोपऱ्यात आलेलं बोट असलेले ‘बिघडलेले’ फोटो एकत्र केले की त्याचंही पान होतं.

तेव्हा-आता ही जोडी सगळ्यांना हवी असते आणि बहुतेकांची चुकते. जुना फोटो हातात धरून साधारण तिथे उभं राहायचं आणि झूम करून चौकट जुळवायची, असं लोक करतात. झूमने दृश्य मोठं-लहान होतं, पण जवळच्या आणि दूरच्या गोष्टींचं आपसातलं नातं फक्त उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. म्हणून आधी जुन्या फोटोत एक जवळची आणि एक दूरची खूण शोधायची, समजा कुंपणाचा खांब आणि मागच्या इमारतीचा कोपरा. त्या खांबाने तो कोपरा जितका झाकला आहे तितकाच झाकेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. मग अशीच दुसरी जोडी घेऊन पुढे-मागे. शेवटी उंची, जुने कॅमेरे बऱ्याचदा पोटापाशी धरून वरून खाली बघत वापरलेले असतात, तेव्हा कॅमेरा डोळ्यांशी धरून ते दृश्य जुळणारच नाही. जागा पक्की झाली की झूम, आणि तीही थोडी सैल, म्हणजे कापून तंतोतंत बसवता येते.

हस्ताक्षराचं पान आमच्या विशेष आवडीचं. पत्र किंवा वहीचं पान ६०० डीपीआयवर घ्यायचं. लेव्हल्सने कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत उजवीकडचा त्रिकोण आत आणायचा, पण शाईचे फिके फराटे उडू लागले की थांबायचं. या थराचा मोड ‘मल्टिप्लाय’ केला की पांढरं अदृश्य होतं आणि अक्षर थेट फोटोवर किंवा रंगीत कागदावर लिहिल्यासारखं दिसतं. गडद पार्श्वभूमीवर मल्टिप्लाय कामाचा नाही. तिथे चित्र उलटं करून ‘स्क्रीन’ मोड लावायचा, अक्षर पांढरं होतं.

आवाजही पुस्तकात घालता येतो, क्यूआर कोडने. कोड थेट फाइलच्या दुव्याचा हवा. मधल्या कुठल्या सेवेतून जाणारे ‘डायनॅमिक’ कोड त्या सेवेचं सदस्यत्व संपलं की मरतात. दुवा जितका छोटा तितके चौकोन कमी आणि वाचणं सोपं. निदान दोन सेंटिमीटर आकार, भोवती चार चौकोनांएवढी कोरी जागा, फिक्यावर गडद रंग. दुरुस्तीक्षमता ‘क्यू’ निवडली तर २५ टक्क्यांपर्यंत कोड खराब झाला तरी वाचता येतो. तरीही दुवा कधीतरी बंद पडणार हे धरून त्या बोलण्यातल्या दोन ओळी कोडखाली छापाव्यात.

आता पान. आठ इंचांच्या पानाला चारही बाजूंनी एक अष्टमांश इंच ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरलं की कॅनव्हास सव्वाआठ इंचांचा, ३०० डीपीआयवर २४७५ बाय २४७५ पिक्सेल. बाहेरचे ३७-३८ पिक्सेल कापले जाणार, म्हणून पार्श्वभूमी तिथवर जायला हवी आणि अक्षरं, चेहरे कापाच्या रेषेपासून आणखी अर्धा इंच आत. शिवणीच्या बाजूला तर याहून जास्त. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत मधल्या सेंटिमीटरभर पट्ट्यात चेहरा आला की बांधणी त्याचं नाक गिळते.

फोटोशॉप असो, गिंप असो, क्रिता असो, गाभा एकच. प्रत्येक फोटो थेट न कापता एका आकाराच्या थरावर ठेवून मास्क करायचा, आकाराबाहेरचा भाग न पुसता फक्त झाकायचा. म्हणजे नंतर फोटो आत सरकवता येतो, बदलता येतो. कागदी भास येतो तो सावलीमुळे, आणि नवख्या पानाची खूणही सावलीच. आयती सावली बऱ्याचदा फार गडद पडते. आम्ही काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग, मल्टिप्लाय मोड, अपारदर्शकता ३५ ते ४५ टक्के घेतो. अंतर वस्तूच्या जाडीनुसार: साध्या कागदाला ४-५ पिक्सेल, फोटोला ८-१०, बटण किंवा लाकडी तुकड्यासारख्या जाड वस्तूला २० च्या पुढे, आणि अंतर वाढेल तसा मऊपणाही वाढवायचा. प्रकाशाची दिशा अख्ख्या पुस्तकात एकच, बहुधा वर-डावीकडून. सजावटीची वस्तू फिरवताना तिच्यातच भाजलेली सावलीही फिरते आणि एका फुलाला खालून उजेड येतो. म्हणून सावली नसलेले पीएनजी घ्यावेत. घरचं कापड, लोकर, जुनी तिकिटं स्कॅन करून केलेली सजावट डाउनलोड केलेल्या फुलांपेक्षा केव्हाही सरस. एका जोडीत तीनपेक्षा जास्त सजावटी दिसल्या की आम्ही एक काढतोच.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडायला लागली किंवा जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसली, तर फॉन्टला दोष देऊ नका. टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडायचा राहिला आहे. फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या पद्धतीचा फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की सगळा मजकूर रोमन चिन्हांची खिचडी होतो. मुक्त वापराच्या फॉन्टांत मजकुराला मुक्ता आणि हाताने लिहिल्यासारख्या ओळींना कलम चांगले चालतात. ल आणि श मराठी वळणाचेच हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी. इंग्रजी मथळ्यांसारखं अक्षरांतलं अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. मजकूर १० ते ११ पॉइंटच्या खाली नको, आणि ओळींतलं अंतर दीडपटीच्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. फोटोवर पांढरी अक्षरं टाकायची तर खाली ६०-७० टक्के अपारदर्शक गडद पट्टी हवी. शिरोरेषा गजबजलेल्या चित्रात सर्वांत आधी हरवते.

छपाईला देताना रंग एसआरजीबी (पडद्यांसाठीचा सर्वसाधारण रंगसंच) ठेवून तो प्रोफाइल फाइलमध्ये जोडायचा आणि जेपीजीची गुणवत्ता ९२-९५ टक्के. थरांची मूळ फाइल वेगळी जपायची. जेपीजी उघडून-सुधारून पुन्हा पुन्हा जतन केली की दर खेपेला थोडी झिजते. छापलेलं पान पडद्यापेक्षा काळपट येतं अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पडद्याच्या उजेडाचा असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं, शेजारी खोलीच्या उजेडात पांढरा कागद धरायचा आणि दोघं सारखे दिसेपर्यंत पडदा मंद करायचा. मगच फोटो उजळायचे. पूर्ण पुस्तकाआधी एकच चाचणीपान छापून घ्यावं: त्यावर सर्वांत अंधारा फोटो, दोन-तीन त्वचारंग, एक कृष्णधवल आणि सर्वांत बारीक अक्षरं.

पिनांची बांधणी असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. चोवीसला सहा कागद. घरी दोन्ही बाजूंनी छापताना एका बाजूवर शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी २५ आली पाहिजे: २४ आणि १, मागे २ आणि २३, तसंच पुढे. शाईचे प्रिंट थरावर थर रचण्याआधी किंवा प्लास्टिकच्या पाकिटात घालण्याआधी चोवीस तास उघडे सुकू द्यावेत.

पुस्तकात न मावलेल्या फोटोंचं काय? घडीचं छोटं पुस्तक करता येतं. ए-३ कागदातून ४२ बाय १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या निघतात. प्रत्येकीवर १० सेंटिमीटरचे चार चौकोन आणि उरलेले २ सेंटिमीटर पुढची पट्टी चिकटवायला. कागद १६० ते २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), आणि घड्या कागदाच्या तंतूंना समांतर. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकतो ती घडीची दिशा. आडवी घडी घातली की तिथे छपाई तडकते. मुखपृष्ठांना पुठ्ठा दोन मिलिमीटरचा, १०.४ सेंटिमीटर चौरस, आणि चिकटवायला आम्लविरहित पीव्हीए गोंद. रबर सिमेंट फोटोजवळ आणू नये, त्यातल्या गंधकाने डाग पडतात. जोड्या लावायच्या पत्त्यांचा खेळही छान होतो. सहा सेंटिमीटरचे बारा पत्ते एका ए-४ वर बसतात, दोन कागदांत बारा जोड्या. दोन्ही पत्त्यांवर एकच चित्र न छापता त्याच माणसाचा लहानपणीचा आणि आताचा फोटो द्या, म्हणजे मोठ्यांनाही डोकं चालवावं लागतं. पाठीच्या नक्षीला किनार नको. दोन बाजूंची छपाई मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतेच, आणि किनार ते उघडं पाडते.

मूळ प्रिंट परत चिकट अल्बममध्ये लावायचे नाहीत. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्यावीत, पीव्हीसी नको. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रिंटच्या पाठीवर कडेला फाइलचा क्रमांक लिहायचा: जुन्या तंतुमय कागदावर मऊ पेन्सिलने, प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत पाठीवर फोटोसाठीच्या पेनने. फोटो कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवून आणि हात हलका ठेवून लिहायचं, कारण दाबून लिहिलेला आकडा पुढच्या बाजूला उमटतो. बॉलपेन अजिबात नाही.